डूख कोणाच्या डोक्यात मावतो

आमचे सुपडूनाना रागावले की ओरडत नाहीत, लक्षात ठेवतात. ओरडणारी माणसं मला परवडतात, चहा आला की ती गप्प होतात. नानांचा राग मात्र लोणच्यासारखा मुरत जातो. शिरपुरातल्या एका कापडवाल्याने त्यांना कधीतरी 'बसा' म्हटलं नाही, तेव्हापासून नाना धोतरजोडी घ्यायला एसटी बदलत पारोळ्याला जातात. एका लग्नात वरण-बट्टीवरचं तूप नेमकं त्यांच्या पानाशी येऊन संपलं. त्या घरच्या मुलीला आता मुलं झाली, तरी त्यांच्या बारशाचंही आमंत्रण नानांनी घेतलं नाही.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. शिरपूर तालुक्यात, तापीपासून थोडं आत, आमचं गाव आहे. नानांच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून हे जन्मताच आजीने त्यांना सुपात घातलं आणि नाव सुपडू ठेवलं. कपाशी, थोडी केळी आणि बांधावर भरताची वांगी असं त्यांचं शेत. ते गावात फारसे रमत नाहीत. सकाळी उठले की वावरात, आणि दिवेलागणीला घरी. मी शिरपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. रविवारी गावी गेले की घरात नानांना शोधायच्या भानगडीत मी पडतच नाही, सरळ शेताची वाट धरते.

नानांच्या सगळ्या रागांत एक राग मात्र आम्हा घरच्यांना खरंच खुपायचा. तो होता भाईदासआबांवरचा.

भाईदासआबा म्हणजे नानांचे लहानपणापासूनचे सोबती. दोघांची शेतं एकमेकांना लागून, मध्ये फक्त बांध, आणि बांधावर एक कडुलिंब. नानांच्या हातचं भरीत आमच्या पंचक्रोशीत नावाजलेलं. थंडी सुरू झाली की कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, ती बडग्यात, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, मुसळीने ठेचायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. अशाच एका भरीत पार्टीला, नानांचे व्याही पंगतीला बसलेले असताना, भाईदासआबा पहिला घास खाऊन म्हणाले, "सुपडू, मिरची शे, पन चव काही नही."

पंगत हसली. नानाही हसले, आणि त्या दिवसापासून भाईदासआबांशी बोलायचे बंद झाले. वर त्यांनी भरीत करणंच सोडलं. चार हिवाळे आम्ही गावभरची दुय्यम भरतं खाल्ली.

यंदा या गोष्टीला घाई आली. भाईदासआबांचा मुलगा हितेंद्र दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला आहे. बायको गेल्यापासून आबा एकटेच राहत होते, म्हणून दिवाळीनंतर शेत बटाईने देऊन बापाला कायमचं तिकडे न्यायचं हितेंद्रने ठरवलं. आता हे दोन म्हातारे न बोलताच एकमेकांपासून जाणार, याची मोठी मायला, म्हणजे नानांच्या बायकोला, झोप येईना. बेबाबाई तिचं नाव. तिने नानांकडे विषय काढला की नाना म्हणायचे, "त्याले पाय शेतस ना? तो येवो." आणि आबा येत नव्हते, कारण ते दिसले की नाना तोंड फिरवायचे.

त्यात दसऱ्याच्या सुमारास सापाचं प्रकरण झालं. बांधावरचं गवत काढताना नानांचा विळा एका सापाच्या शेपटीला लागला. साप सळसळत कपाशीत गेला. निंदायला आलेल्या बाया म्हणाल्या धामण होती, नाना म्हणाले नाग होता. कोणताही असो, तो जखमी होऊन जिवंत गेला होता, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ एकच. सापाने डूख धरला. आता तो चेहरा लक्षात ठेवणार, वाट पाहणार आणि गाठून डसणार. नाना वावरात जायचे बंद झाले. बोंडं फुटून पांढरी झाली तरी हा माणूस ओट्यावर बसून राहिला. मोठी मायने मला फोन केला.

"सारिका, तुन्हा नाना घरमा बसेल शे. साप डूख धरी बसना म्हनस. तू ते कॉलेजमा बठ्ठा जनावरसना मेंदू शिकाडस ना? ये, नि याना मेंदू देख आधी."

दिवाळीची सुट्टी लागलीच होती. मी गेले. नाना ओट्यावर, हातात काठी, नजर उंबऱ्याच्या फटीवर.

"मी त्याले देखं, त्यानी माले देखं," नाना म्हणाले. "आते तो काही माले सोडत नही."

मला हसू आलं आणि रागही आला. आयुष्यभर शेतात राबलेला माणूस शेपटीला जखम झालेल्या बिचाऱ्या जनावराला भिऊन ओट्यावर बसला होता. मी पदर खोचला आणि मोठी मायच्या परातीतलं कळण्याचं पीठ ओढून घेतलं. ती भाकरी थापायला बसली होती, तिने कपाळाला हात लावला.

"नाना, इकडे बघा." शिकवायला लागले की माझी भाषा आपोआप कॉलेजची होते, त्यावरून नाना मला चिडवतात. "हा माशाचा मेंदू." मी पिठाचे छोटे गोळे ओळीने लावले. "पुढचा वासाचा, मधला डोळ्यांचा, मागचा तोल सांभाळायचा. आता हेच गोळे पाठीचा कणा असलेल्या सगळ्या जनावरांत सापडतात. बेडूक, साप, कावळा, म्हैस, तुम्ही, मी. पीठ एकच. कोणी कुठला गोळा मोठा केला, एवढाच फरक."

"म्हंजे मासा खाले, नि मानूस वर," नाना म्हणाले. शाळेतलं चित्र त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

"नाही! तिथेच सगळे चुकतात." माझा आवाज चढला. माझ्या वर्गातली मुलंही पेपरात हेच लिहितात आणि माझं पित्त खवळतं. "ही काही शिडी नाही. मासा म्हणजे राहून गेलेला माणूस नव्हे. झाडाला फांद्या फुटतात तसं आहे ते. आपली फांदी वाढली तितकाच काळ माशाची आणि सापाचीही वाढलीच आहे. ज्याला जे लागलं ते त्याने कमावलं. आपल्या तापीतला मागूर मासा बघा. गढूळ पाण्यात डोळ्यांचा काय उपयोग? त्याच्या अंगभर चव कळते, म्हणून त्याचा चवीचा भाग हा एवढा." मी माशाच्या मागच्या बाजूला दोन टपोऱ्या गोळ्या चिकटवल्या. "वटवाघळाने ऐकायचा भाग वाढवला. मधमाशीने तर आपलं पीठच घेतलं नाही, तिची घडण वेगळी. तिचा मेंदू मोहरीपेक्षा लहान, पण कोसभर जाऊन फूल शोधते आणि घरी परत येते."

"योगेंद्रले शिरपूरहून घर सापडत नही," मोठी माय म्हणाली. योगेंद्र तिचा मुलगा, शिरपूरला सूतगिरणीत आहे, आणि मित्रांत बसला की त्याला वेळेचं भान राहत नाही.

"मंग बठ्ठासनी बठ्ठा गोळा मोठा का नही कयात?" नानांनी विचारलं. सगळ्यांनीच सगळे गोळे मोठे का केले नाहीत? प्रश्न चांगला होता. मी खूश झाले.

"कारण मेंदूला पोसावं लागतं. आपण जे खातो त्यातला पाचवा हिस्सा एकटा मेंदू खाऊन टाकतो. नको असलेलं बिऱ्हाड कोण पोसणार?"

"मंग योगेंद्र खास ते कोठे जास?" मोठी माय म्हणाली.

तिला गप्प करून मी साप बनवला. लांबट मेंदू, पुढे वासाचा भाग भलामोठा. "साप जीभ बाहेर काढतो ती वास चाखायला. उंदीर कुठून गेला, मादी कुठे आहे, जमीन का हादरली, ऊन कुठे आहे, हे त्याला झकास कळतं. आपलं बीळही सापडतं. पण सुपडू नावाच्या माणसाने मला दसऱ्याला मारलं, त्याचा चेहरा असा असा होता, त्याला गाठायचं, असला हिशोब त्याच्या डोक्यात नाही हो. कधी लागलाच नाही त्याला. तो तुम्हाला बघून लपेल, तुम्हाला शोधत येणार नाही."

नानांनी पिठाचा साप बोटाने दाबून पाहिला. मग म्हणाले, "मंग डूख धराले जागा कोनाकडे शे?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझ्यासमोर पीठ होतं आणि ऐकणारा होता.

"कावळ्याकडे!" मी म्हटलं आणि कावळ्याचा मेंदू वळला. "दिसतो छोटा, पण पुढचा भाग बघा किती. आणि आत पेशी इतक्या दाटीने, की सुटा कापूस आणि दाबलेली गाठ यांत जेवढा फरक तेवढा. कावळा माणसाचा चेहरा ओळखतो. एकदा त्रास दिलात तर वर्षानुवर्षं विसरत नाही. इतर कावळ्यांनाही दाखवून ठेवतो, हाच तो म्हणून."

नानांचा चेहरा पडला. "मंग ते लिंबवरला कावळा..."

हळूहळू सगळं बाहेर आलं. उन्हाळ्यात बांधावरच्या लिंबावर कावळ्यांनी घरटं केलं होतं, त्यात नानांच्या मोटरची बांधायची तार सापडली. नानांनी तार काढायला घरटं ओढलं, ते सगळंच खाली आलं. तेव्हापासून नाना लिंबाखाली आले की कावळे कलकलाट करत, डोक्यावर झेप घेत. आणि नाना इतके महिने समजत होते की कावळ्यांना भाईदासआबांनी शिकवलंय, कारण आबा रोज जेवताना त्यांना भाकरीचा तुकडा टाकतात.

"म्हंजे भाईदासनी नही शिकाडं?"

"नाना, कावळ्याला डूख शिकवायला माणूस लागत नाही."

"हं," नाना म्हणाले. भाईदासआबांच्या खात्यातला एक गुन्हा कमी झाला, हे मला त्या 'हं'मध्ये ऐकू आलं. पण तेवढ्यावर बोलणं होण्याची चिन्हं नव्हती. मोठी मायने मेंदू गोळा करून त्यांची भाकरी थापली आणि आम्ही जेवलो.

सापाची भीती गेली. कावळ्याची बसली. आता सगळा कापूस वेचून लिंबाखालीच रचायचा होता, आणि नानांना तिथे जायला धीर होईना. "साप एक व्हता, कावळा गावभर शेतस," असं त्यांनी मला दोन दिवसांनी ऐकवलं. मोठी माय माझ्याकडे अशा नजरेने बघत होती की मी चहा न घेताच उठले.

मग नानांनी स्वतःच डोकं चालवलं. कावळा चेहरा ओळखतो ना? मग चेहराच न्यायचा नाही. योगेंद्र दुपारचा झोपला होता. नानांनी त्याची जीन्स चढवली, नायलॉनचं जाकीट घातलं आणि काळ्या काचेचं हेल्मेट. धोतराशिवाय नानांना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मोठी माय सांगते, ते मागच्या दाराने निघाले तेव्हा कुत्रंही भुंकलं.

कावळे खरंच फसले. लिंबाखाली नाना उभे, वर कावळे बसलेले, आणि एकानेही चोच उघडली नाही. नाना काचेआडून वर बघत खुशीत होते. तेवढ्यात बांधापलीकडून भाईदासआबा आले.

पुढचं मला आधी नानांनी सांगितलं.

"काय योगेंद्र," भाईदासआबा म्हणाले, "आज वावरमा मोटरसायकल चालावाले उना का?"

नानांनी हेल्मेट हलवलं. हो की नाही ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. हेल्मेट काढावं तर वर कावळे, आणि समोर भाईदास. आबा बांधावर टेकले.

"बस रे भो. बरं व्हयनं तू भेटना. तुन्हा बापले एक निरोप दे. मी त्याले सांगू शकत नही, तो तोंड फिराई लेस." आबा थोडे थांबले. "त्या वरीसले मी भरीतले नाव ठेवं ना, तवय तुन्ही काकूले जाईसन दोनच महिना व्हयेल व्हतात. माले कसालेच चव लागे ना. चहा बेचव, भाकर बेचव. मंग भरीतले तरी कोठून चव येवो? पन मी ते पंगतमा सांगं नही. नि तुन्हा बापनी इचारं नही."

नाना हेल्मेटमध्ये उभे होते. काचेवर आतून वाफ धरली आणि त्यांना समोरचं काही दिसेना, असं त्यांनी मला सांगितलं. घामाची वाफ, असंही सांगितलं.

"येवढं सांगजो त्याले," आबा म्हणाले, "नि सांग, का दीपनगरले वांगा भेटतस, पन काड्या भेटतस नहीत." मग ते उठून आपल्या शेतात गेले.

नाना घरी आले, हेल्मेट काढलं, दोन तांबे पाणी प्यायले आणि मोठी मायला म्हणाले, "बांधवरना वांगा तोडेल शेतस का?"

त्या आठवड्यात लिंबाखाली भरीत झालं. नानांनी स्वतः काड्या रचल्या, स्वतः वांगी फिरवली, कोणाला मुसळीला हात लावू दिला नाही. भाईदासआबांना बोलवायला योगेंद्रला पाठवलं. आबा आले, नानांच्या शेजारी बसले. त्यांनी घास घेतला तेव्हा सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती. आबांनी सावकाश खाल्लं आणि म्हणाले, "सुपडू, मिरची कमी शे."

मी नानांकडे पाहिलं. मग नाना इतक्या जोरात हसले की लिंबावरचे कावळे उडाले. नाना त्या दिवशी धोतरात आणि उघड्या तोंडाने बसले होते, तरी कावळ्यांनी फक्त थोडी कावकाव केली. गेल्या काही दिवसांत नाना आबांच्या हातून भाकरीचा तुकडा घेऊन तो लिंबाखाली टाकत होते, हे मला नंतर कळलं. बोलणं कधीच सुरू झालं होतं. आम्हाला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

जेवणानंतर नाना हात धुवायला गेले तेव्हा मी भाईदासआबांजवळ बसले. नानांनी मला हेल्मेटची गोष्ट फार रंगवून सांगितली होती. "भाईदासले वाटनं योगेंद्र! नजरच गई त्यानी," असं म्हणत ते मांडीवर थाप मारून हसले होते. मी आबांना विचारलं, "आबा, खरंच नाही ओळखलं?"

आबांनी नाना गेले त्या बाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाले, "अवं बेटी, तो चालताना डावा पाय फेकस. शाळामा आमराईना झाडवरथीन पडना तवयपासून. डोकामा हेल्मेट घालो नहीतर हंडा घालो, मी त्याले दूरथीन वळखस. पन वळखतू, तर तो पळी जाता."

"मग योगेंद्र म्हणून..."

"त्याले सांगू नको," आबा म्हणाले. "त्याले वाटी का मी त्याले फसाडं."

कावळा चेहरा ओळखतो, हे मी ऐटीत सांगितलं होतं, आणि चेहरा झाकल्यावर तो फसलाही. माणूस फसत नाही, तो फसल्यासारखं करतो, मित्राची पत राखायला करतो, आणि ते आयुष्यभर पोटात ठेवू शकतो. हे मला पिठात दाखवता आलं नसतं. आणि मला भाईदासआबांचा फार, फार आदर वाटला.

आबा गेले त्या सकाळी हितेंद्रने गाडी आणली होती. पेटी, गादी, वांग्यांची पिशवी आत गेली. नानांनी काड्यांची एक मोळीही टपावर बांधली. दीपनगरच्या क्वार्टरमध्ये ती पेटवणार कुठे, हे हितेंद्रला विचारायचं धाडस झालं नाही. आबा गाडीत बसले, काच खाली केली. नाना काचेशी उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला, ओठ हलायला लागले. मोठी मायने माझा हात धरला.

"भाईदास," नाना म्हणाले, "तुले एक सांगनं शे. त्या दिन लिंबखाले हेल्मेट घाली उभा व्हता ना, तो योगेंद्र नव्हता. मी व्हतू."

आबांनी तोंड उघडं टाकलं. डोळे मोठे केले. मग दोन्ही हात गालांवर ठेवले. "तू? तू व्हता तो? अरे बाप रे! नि मी येडा, तुलेच तुन्ही गोट सांगी राहिंतू!"

नानांचा चेहरा खुलला. ते काचेवर हात आपटत हसायला लागले. "वळखंच नही तुनी! वळखंच नही!"

"नही ना भो," आबा म्हणाले. "जरा बी नही."

गाडी निघाली, वळणापर्यंत आबा खिडकीतून बाहेर बघत डोकं हलवत राहिले, मोठ्या नवलाने. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. नाना हसत हसत घरी आले, आणि रडायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.